तारीखमास्तरांचे तेरा सीलबंद सेट

हॉस्पिटलच्या तळघरात औषधांचं स्टोअर होतं आणि तिथले स्टोअरकीपर म्हणजे आपले तारीखमास्तर. मास्तर म्हटलं म्हणून त्यांनी कुणाला काही शिकवलं असेल असं समजू नका. उभ्या जन्मात त्यांनी खडू हातात धरला नव्हता. त्यांच्या हातात असायचा काळ्या पक्क्या शाईचा जाड मार्कर. खोकं दारातून आत आलं की रॅकवर चढायच्या आधी त्याच्या समोरच्या बाजूला, वरच्या डाव्या कोपऱ्यात, आल्याची तारीख पडायची. तारखेखाली नंबर, नंबराखाली मास्तरांची आखूड सही. या तीन गोष्टी पडल्याशिवाय कापसाचं बंडलसुद्धा पुढे सरकत नसे. हॉस्पिटलातल्या नर्सेसनी त्यांचं नाव तारीखमास्तर ठेवलं, ते वरच्या मजल्यांवर पसरलं आणि शेवटी पगाराच्या खिडकीवरचा माणूसही त्यांना त्याच नावानं हाक मारू लागला.

या तारखेच्या वेडामागे एक जुनं दुखणं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सलाइनच्या बाटल्यांचं एक खोकं मागच्या रांगेत राहून गेलं होतं. वर काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे नवा माल पुढून येत राहिला, पुढूनच जात राहिला, आणि ते खोकं भिंतीला टेकून मुदत संपवून बसलं. तपासणीला आलेल्या बाईंनी नेमका तिथेच हात घातला. मास्तरांची त्या वर्षाची पगारवाढ गेली आणि सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली ती वेगळीच. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. आधी आलं ते आधी जाणार, आणि आधी काय आलं हे लांबून, शिडीवरून, चष्मा नसतानाही वाचता आलं पाहिजे.

ही सवय तळघरातच राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण सवय काही कपड्यांबरोबर खुंटीला टांगता येत नाही. घरात दिवा बदलला की दिव्याच्या बुडाशी तारीख. साबणाच्या वेष्टनावर तारीख, झाडूच्या दांड्यावर तारीख, काडेपेटीवर तारीख. बायको बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत कामाला होती, आणि दिवसभर सुट्ट्या पैशांवरून लोकांशी हुज्जत घालून तिची जीभ चांगली धारदार झाली होती. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पोरगी झाली तेव्हा दवाखान्यानं तिच्या पायाला चिठ्ठी बांधून दिली म्हणून बरं. नाहीतर यांनी खिशातून मार्कर काढलाच होता." सगळे हसायचे. मास्तरही हसायचे, आणि हसताहसता नव्या दंतमंजनाच्या डब्यावर तारीख टाकायचे.

पोरगी पाच वर्षांची होत आली होती तेव्हाची गोष्ट. हॉस्पिटलात एक्सरे काढणारा एक गडी होता. त्याला सगळे एक्सरेवालाच म्हणत. बोलका माणूस, आणि जगात पैसा कुठे कुठे पडलाय याची सगळी खबर त्याच्याकडे. स्वतःच्या खिशात मात्र तो पैसा कधी आला नाही, पण ते राहू द्या. एकदा चहाच्या वेळी तो मास्तरांच्या टेबलावर बूड टेकून म्हणाला, "मास्तर, सोनं तुम्हाला झेपणार नाही. जमीन तर विचारूच नका. मी सांगतो ते करा. खेळणी घ्या."

"या वयात?" मास्तर म्हणाले.

"खेळायला नाही हो. ठेवायला." आणि त्यानं समजावून सांगितलं. लहान लहान ठोकळे जोडून करायचे ते मोठे सेट मिळतात ना, कुठे किल्ला, कुठे जहाज. कंपनी एक सेट दोन-तीन वर्षं काढते आणि मग बंद करते. एकदा बंद झाला की मिळत नाही, आणि मिळत नाही म्हटल्यावर हौशी लोक त्याच्यामागे धावतात. त्याच्या मेहुण्याच्या शेजाऱ्यानं म्हणे एका सेटवर नवी मोटारसायकल घेतली होती. "दर वर्षी एक घ्या. पोरीच्या वाढदिवसाला घ्या, म्हणजे विसरणार नाही. पोरगी कॉलेजला जाईल तोवर तिची फी कपाटात बसून तयार होईल. नियम फक्त तीन. उघडायचा नाही. उन्हात ठेवायचा नाही. खोक्याचा कोपरा दुमडू द्यायचा नाही."

चौथा नियम त्यानं सांगितला नाही. खोक्यावर लिहू नका, हे कुणाला सांगावं लागेल असं त्याच्या मनातही आलं नसणार.

पहिला सेट दीपगृहाचा होता. मास्तरांनी तो पगाराच्या दिवशी आणला. महिन्याच्या पगारातला पाचवा हिस्सा त्यात गेला, आणि पुढचे तीन आठवडे नवराबायको दोघांनी पोटाला चिमटा काढला. पोरीनं खोकं बघितलं मात्र, ती दोन्ही हात पसरून धावली. वर चित्र होतं, खडकावर उभं लालपांढरं दीपगृह, खाली होडी, होडीत एवढासा माणूस. मास्तरांनी खोकं तिच्या हाताला लागणार नाही इतकं उंच धरलं. मग ते टेबलावर ठेवलं, खिशातून मार्कर काढला, वरच्या डाव्या कोपऱ्यात, दीपगृहाच्या मागच्या निळ्या आकाशावर, तारीख टाकली. खाली एक नंबर. त्याखाली सही. आणि खोकं जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटावर चढवलं.

पोरगी रडली. रडायचीच. बायको म्हणाली, "अहो, वाढदिवस तिचा आणि खेळणं कपाटाचं?"

"हे खेळणं नाही," मास्तर म्हणाले. "हे तिचं शिक्षण आहे."

पोरीनं ते मनावर घेतलं. शाळेत बाईंनी घरात काय काय आहे असं विचारलं तेव्हा इतर मुलांनी मांजर सांगितलं, सायकल सांगितली. ही उभी राहून म्हणाली, "माझं शिक्षण कपाटावर आहे, चादरीत." ही गोष्ट बायकोनं तिकीट खिडकीतल्या सगळ्या बायकांना सांगितली.

मग वर्षं गेली. दुसऱ्या वर्षी पवनचक्की आली, तिसऱ्या वर्षी रेल्वेचं स्टेशन, मग तीन डोलकाठ्यांचं जहाज. कपाटाचा माथा भरला तेव्हा मास्तरांनी आतला वरचा कप्पा रिकामा केला, आणि बायकोचे हिवाळ्याचे कपडे पलंगाखाली गेले. दर रविवारी सकाळी सगळी खोकी खाली उतरायची, कोरड्या फडक्यानं पुसली जायची, नंबरवार परत चढायची. कोपरे अंगठ्यानं चाचपून बघायचे, सील उजेडाकडे तिरकं धरून बघायचं. घरातली पोरगी रविवारी काय करते याकडे बघायला मास्तरांना तेवढ्यात सवड होत नसे. त्यांनी तिच्यावर जीव टाकला नाही असं कुणी म्हणू नये. सगळा जीव त्यांनी त्या कपाटात टाकला, आणि तो तिच्यासाठीच टाकला.

सात वर्षांची असताना पोरगी आठ दिवस तापानं फणफणली. काही खाईना, कुणाशी बोलेना, नुसती कपाटाकडे तोंड करून पडून राहायची. सातव्या दिवशी बायको म्हणाली, "एक उघडा. एकच. तिला बरं वाटेल." मास्तर स्टुलावर चढले. खोकं हातात घेतलं. तिथेच उभे राहिले. मग खोकं परत ठेवून खाली उतरले, बाहेर गेले आणि रंगीत खडूंची पेटी घेऊन आले. पोरीनं ती उशाशी ठेवली. त्यानंतर तिनं कपाटावरचं काही कधी मागितलं नाही. शहाणी झाली, असं मास्तर अभिमानानं म्हणत.

अकराव्या वर्षी तिला चष्मा लागला. डोळे तपासायच्या खोलीतल्या त्या मोठ्या काळ्या यंत्रानं आणि खट् खट् बदलणाऱ्या भिंगांनी तिला वेडच लावलं. हे आधी बरं की हे, असं विचारत ती महिनाभर आईच्या डोळ्यांसमोर पाण्याचे ग्लास धरत होती. तेव्हापासून तिचं ठरलं होतं. डोळे तपासायचा तीन वर्षांचा कोर्स करायचा. शहरात तो शिकवणारं एकच कॉलेज होतं, जागा थोड्या होत्या, आणि पहिल्या वर्षाची फी एकरकमी भरावी लागायची. ती फी म्हणजे मास्तरांचा आठ महिन्यांचा पगार. एक्सरेवाला फोनवर भाव बघून सांगायचा, तेरा सीलबंद सेटांत पहिलं वर्ष तर सुटेलच, वर दुसऱ्याला हातभार लागेल. मास्तर मान हलवायचे आणि जिना उतरून तळघरात जायचे. गुडघे कुरकुरायला लागले होते, निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, पण तेवढं एक ओझं डोक्यावरून उतरलंय असं त्यांना वाटायचं.

पोरीची शाळा संपली, निकाल लागला, मार्क चांगले पडले. महिनाअखेर फी भरायची हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी दोन आठवडे आधी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एक्सरेवाल्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाचा एक दुकानदार शोधून दिला होता. जुनी खेळणी घ्यायचा आणि विकायचा, आणि लांबलांबचे हौशी लोक म्हणे त्याचा शब्द मानायचे. आधी चार नग दाखवायला आणा, असं तो फोनवर म्हणाला होता. मास्तरांनी एक, चार, सात आणि नऊ नंबर काढले, दोन मोठ्या पिशव्यांत उभे लावले, आणि बसमध्ये पिशव्या मांडीवर घेऊन बसले. कोपऱ्याला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात पुढे धरून. तासाभरानं उतरले तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या.

दुकान अरुंद होतं. छतापर्यंत काचेची कपाटं, आणि एका लांब टेबलावर पांढरा दिवा. दुकानदार चाळिशीचा, शांत, हातात पातळ मोजे. हातमोजे बघून मास्तरांना बरं वाटलं. आपल्यासारखाच नीटनेटका माणूस दिसतोय, असं त्यांच्या मनात आलं.

दुकानदारानं जहाजाचं खोकं घेतलं. आधी तळ बघितला, मग दोन्ही सील, मग कोपरे. "वा," तो म्हणाला. "सील अगदी कंपनीतून आल्यासारखं. कोपरे बघा! असा माल क्वचित येतो. ऊन अजिबात लागू दिलेलं नाही तुम्ही."

"चौदा वर्षं..." मास्तर बोलायला लागले आणि घाईत चुकलं म्हणून थांबले. "तेरा वर्षं. दर रविवारी पुसतो."

मग त्यानं खोकं समोरच्या बाजूनं दिव्याखाली धरलं आणि त्याचा चेहरा पडला. अंगठ्यानं त्यानं वरचा डावा कोपरा हलकेच चोळला. "हे काय आहे?"

"तारीख," मास्तर म्हणाले. "आल्याची तारीख. हा अनुक्रमांक. आणि ही माझी सही, म्हणजे कुणी बदललं नाही याची खात्री."

दुकानदार त्यांच्याकडे बघत राहिला. मस्करी चाललीय की काय असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं उरलेली तीन खोकी एकापाठोपाठ एक फिरवून बघितली. "सगळ्यांवर आहे?"

"सगळ्यांवर. तेराही."

"पक्की शाई?"

"हॉस्पिटलची आहे. पाण्यानं जात नाही." हे मास्तर जरा अभिमानानंच बोलले, आणि बोलताबोलता त्यांना कळलं की आपण काहीतरी भलतंच बोलतोय.

दुकानदारानं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या आवाजात खरंच हळहळ होती. "काका, हे घेणारे लोक उघडत नाहीत. जोडत नाहीत. ते खोकं घेतात. काचेमागे ठेवतात. समोरच्या चित्रावर एक ओरखडा असला तरी अर्धा भाव जातो. इथे तर आकाशावर तुमची सही आहे."

"पण आत सगळं तसंच आहे."

"आहे ना. म्हणून काहीतरी देता येईल. उघडून सुट्या तुकड्यांच्या भावानं घेईन मी. सीलबंदचा भाव मात्र विसरा." त्यानं सुट्या तुकड्यांचा आकडा सांगितला. तेराही सेटांचे मिळून मास्तरांचा दीड महिन्याचा पगार. "हवं तर एक आत्ता उघडून दाखवतो, तुकडे पूर्ण असले तर रोख देतो."

त्यानं ब्लेड उचललं तेव्हा मास्तरांचा हात आपोआप खोक्यावर आडवा पडला. दुकानदारानं ब्लेड परत ठेवलं.

मास्तरांनी सात नंबरचं खोकं पिशवीत भरायला घेतलं. हातात काय होतं ते त्यांना नीट दिसत नव्हतं. इतक्यात दुकानदार म्हणाला, "आणि त्या नऊ नंबरवाल्याच्या मागच्या बाजूला पुसायचा प्रयत्न केलाय कुणीतरी. स्पिरिटनं असेल. शाई गेली नाही, खालचा रंग गेला. तसं करू नका बाकीच्यांना, आहे तेवढंही जाईल."

मास्तरांनी खोकं उलटं केलं. नवव्या वर्षी त्यांनी मागेही तारीख टाकली होती, कारण तो सेट लांबट होता आणि कप्प्यात आडवा ठेवावा लागणार होता. आता तिथे अंगठ्याएवढा पांढुरका डाग होता. दर रविवारी ते पुढची बाजू पुसत, कोपरे बघत, सील बघत. मागे हा डाग कधीपासून होता देव जाणे. आपण हे केलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. बायको त्या कपाटाला हातही लावत नसे. म्हणजे उरलं कोण, हे मोजायला बोटं लागत नव्हती.

परतीच्या बसमध्ये त्यांनी पिशव्या पायाशी ठेवल्या. कोपऱ्यांचं आता काय.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बायको नुकतीच कामावरून आली होती आणि पाय पाण्याच्या टबात सोडून बसली होती. पोरगी टेबलापाशी उभी राहून एका निळ्या शर्टाला तुटलेलं बटण लावत होती. मास्तरांनी पिशव्या जमिनीवर ठेवल्या, नऊ नंबर काढला, आणि मागची बाजू वर करून टेबलावर ठेवला.

पोरीनं दातानं दोरा तोडला.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणीच्या फोनवर बघितलं होतं मी. लोक कसे विकतात, काय चालतं, काय नाही. मग मला वाटलं, स्पिरिटनं जाईल. मागच्या बाजूला करून बघितलं. नाही गेलं."

"तीन वर्षं!" मास्तर म्हणाले. "आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"काय सांगू, बाबा? दर रविवारी तुम्ही ती खोकी पुसायला काढायचात, तेव्हा गुणगुणायचात. आठवडाभरात तेवढाच एक वेळ तुम्ही गुणगुणता."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायको टबातल्या पाण्याकडे बघत होती. तिची जीभ, जी बसस्थानकातल्या टग्यांना पुरून उरायची, ती आज गप्प होती. म्हणजे हिलाही माहीत होतं. घरात तीन माणसं, त्यातल्या दोघींची अळीमिळी गुपचिळी, आणि आपण स्टुलावर उभं राहून फडकं फिरवतोय. मास्तरांना राग यायला हवा होता. पण रागाला अंगात जोर लागतो, तो तासाभराच्या दोन बसप्रवासांत संपला होता. ते खुर्चीवर बसले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "फीचं बघतो मी. हॉस्पिटलच्या सोसायटीतून कर्ज काढीन. अजून दोन आठवडे आहेत. तू फॉर्म भरलायस ना, जागा मिळेल तुला एवढ्या मार्कांवर. पैशांचं मी बघतो."

पोरगी शर्टाची घडी घालायला लागली. ती घडी तिनं दोनदा मोडली.

"फॉर्म नाही भरला मी."

"का?"

"फॉर्म भरायची मुदत गेल्या शुक्रवारी संपली, बाबा. महिनाअखेर आहे ती फी भरायची तारीख, ज्यांनी फॉर्म भरलाय त्यांच्यासाठी. मी नाही भरला. फॉर्म भरला असता, नंबर लागला असता, आणि मग तुम्ही कर्ज काढलं असतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमच्या. आईच्या पायांचं काय झालंय बघा. मी नाही भरला."

"मी म्हटलं होतं हिला," बायको एकदम बोलली. "मी म्हटलं, भर. पुढचं पुढे बघू. दोनदा म्हटलं. हीच नको म्हणाली."

मास्तर पोरीकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक डबी मुदत संपून रॅकवर पडून राहिली नव्हती. तळघरातल्या कुठल्या गोळीला किती दिवस उरलेत हे ते झोपेतही सांगू शकले असते. गेल्या शुक्रवारी ते काय करत होते? आठवलं. गेल्या शुक्रवारी ते दुपारीच घरी येऊन कपाटापाशी बसून कोणते चार नग न्यायचे ते ठरवत होते, आणि पोरगी याच टेबलापाशी, त्यांच्या पाठीमागे, बसलेली होती.

"मला सांगायचं तरी," ते पुन्हा म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत," पोरगी म्हणाली. ती हे तोडून बोलली नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. "फॉर्म आला का, भरला का, कॉलेज बघून आलीस का, एकदाही नाही. रोज आलात की कपाटाकडे बघायचात. मी वाट बघितली, बाबा. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत बघितली. तुम्ही विचारलं असतंत ना, तर मी भरला असता. कर्जाचं कर्ज, काय व्हायचं ते झालं असतं."

पैसे गेले होते ते दुकानात गेले होते. तेव्हा एवढं लागलं नव्हतं. पाच वाजेपर्यंत ही पोरगी आपल्या पाठीमागे बसून होती, आणि एका प्रश्नाचं काम होतं. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. बायकोनं टबातून पाय काढले आणि ओल्या पायांनीच येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मेली ती खोकी," ती म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता. "फोडून टाका आज. एक तरी फोडा. निदान पोरीला खेळू दे."

पोरगी हसली. थकलेलं हसू. शाळकरी पोरीच्या तोंडावर ते कधी येऊन बसलं हे आईबापांपैकी कुणाला कळलं नव्हतं. "नको, आई. आता काय खेळू मी? विकून टाका सगळे, त्याला हवे त्या भावानं. तुझे हिवाळ्याचे कपडे पलंगाखालून वर येऊ देत." मग ती शर्ट झटकून म्हणाली, "मला उद्या साडेनऊला पोचायचंय. चष्म्याच्या दुकानात लागलेय मी, काउंटरवर. फ्रेमा दाखवायच्या, डब्यात घालून द्यायच्या. आतल्या खोलीत डोळे तपासतात. दार उघडं असलं की दिसतं."

बायको फरशीवरचं पाणी पुसायला लागली. मास्तर उठले, कोपऱ्यातली इस्त्री काढली, टेबलावर चादर पसरली आणि पोरीच्या हातातून तो निळा शर्ट घेतला. ती नको नको म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही. इस्त्री तापेपर्यंत ते बोटांनी कॉलर सरळ करत राहिले.

"कॉलेज बघून आलीस का?" त्यांनी विचारलं.

पोरीनं त्यांच्याकडे बघितलं. "आले होते. दोनदा."

"कसं आहे?"

"चांगलं आहे. जुनी बिल्डिंग आहे. वरच्या मजल्यावर एका रांगेत बारा यंत्रं आहेत."

"पुढच्या वर्षी फॉर्म कधी निघतात?"

"निकालानंतर पंधरा दिवसांनी."

"तेव्हा भर," मास्तर म्हणाले. "मी येतो बरोबर."

"बघू," पोरगी म्हणाली. "एक वर्षच काम करायचंय. तोवर पगाराची सवय लागली नाही म्हणजे झालं."

मास्तरांनी इस्त्री बाहीवरून फिरवली. त्या तळघरात तेही एकाच वर्षासाठी लागले होते. पुढे रेडिओ दुरुस्तीचं शिकायचं होतं त्यांना, फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. हे त्यांनी घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आजही त्यांच्यानं सांगवलं नाही. त्यांनी शर्ट उलटा केला आणि दुसरी बाही पुढे ओढली.